कार्डावर न काढलेले पुंजके

डॉक्टर,

काल मालवणात शाळेच्या हॉलमध्ये डोळे तपासायचं शिबिर होतं, लेकीने बळेच नेलं. दोन वर्षांपासून मलाही साखर आहे, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. थेंब घातले, अर्धा तास बाकावर बसवलं, मग एका यंत्राच्या खोबणीत हनुवटी टेकवायला लावली. लख्ख उजेड पडला आणि झालं. कोणी माझ्या तोंडाशी तोंड आणून बघितलं नाही, ‘बाय, हलू नको, वाशाकडे बघ’ असं कोणी म्हटलं नाही. बाजूच्या काचेवर माझ्या डोळ्याचा मागचा पडदा दिसायला लागला, ताटाएवढा. यंत्रावरची मुलगी तिच्या जोडीदारणीला इंग्रजीत काहीतरी म्हणाली. मी मान वाकडी करून बघितलं आणि म्हटलं, ‘चार वाजता लाल तीन, सात वाजता पिवळे दोन, म्हणजे दुसरी पायरी.’ ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘आजी, तुम्ही नर्स होतात?’ मी म्हटलं, ‘नाय गो, मासे विकी होतंय.’ खोटं नव्हतं ते, पण अर्धंच होतं. तसं अर्धं बोलण्याची मला सवय आहे, असं मी एकदा तुम्हालाही सांगितलं होतं. त्याबद्दलच लिहायला बसले आहे. काल थेंबांमुळे अक्षर दिसेना, म्हणून आज सकाळी.

तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. मी तुमच्या दारात पहिल्यांदा आले ती टोपली घेऊन. होडी उलटून माझा घोव गेला, मी विधवा झाले, त्याला वर्ष झालं नव्हतं. लेक अंगावर पीत होती, तिला सासूजवळ ठेवून मी दारोदार जात असे. तुमच्या पत्नी, काकी, मागच्या पडवीत बांगडे उलटेपालटे करत होत्या आणि म्हणत होत्या, सगळ्यांचेच बांगडे पहाटेचे असतात, शिळे मग समुद्रात परत जातात की काय. तुम्ही वर्तमानपत्र घेऊन बाहेर आलात. मला वाटलं, आता दोघं मिळून भाव पाडणार. तुम्ही विचारलंत, ‘पहाटेचे कशावरसून?’

‘डोळो बघा तेचो. ह्यो काचेसारखो आसा, वर इलेलो. दुपारचो असलो तर चपटो पडता. कालचो असलो तर सांय धरता. बर्फातलो असलो तर कडेक लाल जाता.’

‘म्हणजे चार जाती.’

‘पाच. पाचवो मी टोपलेत घालणंय नाय.’

तुम्ही हसलात. काकी हसल्या नाहीत, पण बांगडे घेतले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला दवाखान्याच्या मागच्या खोलीत बोलावलंत. लाकडी घोडीवर सहा काचनळ्या उभ्या होत्या. निळ्या औषधात रोग्याची लघवी घालून उकळली की साखरेप्रमाणे रंग बदलतो, हे मला तेव्हा कुठे माहीत? निळ्याचा हिरवा, मग पिवळा, केशरी, आणि सगळ्यात वाईट तो विटकरी. तुमचा कंपाउंडर पिवळ्याला केशरी म्हणायचा आणि केशरीला देवाच्या भरवशावर सोडायचा. तुम्ही म्हणालात, ‘ओळीन लाव.’ मी लावल्या. तुम्ही नळ्या पुन्हा विस्कटल्यात, मी पुन्हा लावल्या. सोमवारपासून सकाळी सात ते बारा, असं ठरलं. त्या सोमवारी मी टोपली सासूच्या डोक्यावर दिली आणि तिने त्यावरून मला दिवसभर ऐकवलं.

तुमच्या रोग्यांनी मला काही लगेच मानलं नाही. आचऱ्याची एक बाई होती, सोन्याच्या पाटल्या घातलेली, ती माझ्या हातून डोळ्यात थेंब घालून घेईना. ‘हिच्या हाताक बांगड्याचो वास येता,’ म्हणाली. तुम्ही आतून ओरडलात, ‘मगे नाक बंद कर आणि डोळो उघड.’ सगळा दवाखाना हसला, ती बाईही हसली. मी मात्र त्या दिवसापासून शिकेकाईने हात धुवायला लागले. घरी काकींनी माझ्यासाठी एक कप वेगळा ठेवला होता, पडवीच्या कोनाड्यात. मी त्यातून चहा प्यायचे आणि विसळून तिथेच उपडा घालायचे. मनाला लावून घेतलं नाही, तशीच रीत होती. तिसऱ्या वर्षी तो कप फुटला. काकींनी सांगितलं हातातून सुटला. सुटला नव्हता डॉक्टर, त्यांनी तो चुलीच्या कडेवर आपटला, मी दारातून बघितलं. त्या दिवसापासून घरातल्या कपांतला कुठलाही कप. आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही.

खिडकीला काळं कापड लावून तुम्ही ती डोळ्याच्या आत बघायची भिंगाची बॅटरी रोग्याच्या डोळ्याशी नेता, तुमचा उजवा डोळा त्याच्या उजव्या डोळ्याला जवळजवळ टेकलेला, आणि मी कोपऱ्यात टेबलावर कार्ड घेऊन बसलेली. कार्डावर औषधाच्या मापाच्या पेल्याने काढलेली दोन वर्तुळं, उजवा डोळा आणि डावा. तुम्ही अंधारातून सांगता, मी मिणमिणत्या दिव्याशी उतरवून घेते. तांबडी पेन्सिल रक्ताला, पिवळी मेणासारख्या डागांना, शिसाची कापसाच्या पुंजक्यांना. पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, ‘तीन वाजता एक लाल.’ मी उठून बाहेर गेले आणि कंपाउंडरला विचारून आले की आत्ता किती वाजले. मला घड्याळ येत नव्हतं. आमची वेळ भरती-ओहोटीची, घड्याळाचं काम काय. मी आत येऊन सांगितलं, ‘अजून धाच वाजले हत, तीन वाजूक येळ आसा.’ आतला रोगी आधी हसला. तुम्ही मात्र बॅटरी विझवलीत, भिंतीवरचं घड्याळ काढून माझ्या मांडीवर ठेवलंत आणि म्हणालात, ह्यो डोळो. बारा वर, सहा खाली. म्हणून मी घड्याळावर वेळ बघायला शिकले त्याच्या आधी डोळ्यातली जागा बघायला शिकले.

मोजण्यावरूनही बोलणी खाल्ली. आमच्याकडे मासळी मोजताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. तुमच्याकडेही आंबे तसेच मोजतात. मी कार्डावरचे लाल ठिपके मोठ्याने मोजून दाखवत होते, ‘लाभ, दोन, तीन, चार...’ तुम्ही टेबलावर हात मारलात. ‘रक्ताच्या ठिपक्याक लाभ म्हणतंस? हय एक म्हणजे एक. कमी नाय, जास्ती नाय, गोड नाय, कडू नाय.’ तुमचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा चढलेला ऐकला. घरी जाताना रडले. दुसऱ्या दिवशी एक म्हणायला लागले, दवाखान्यात. धक्क्यावर गेले की अजून लाभच म्हणते.

अक्षरंही तिथलीच. भिंतीवरचा वाचायचा तक्ता, वर एकच मोठं अक्षर आणि खाली खाली बारीक होत गेलेल्या ओळी. रोगी वाचायचे ते ऐकून ऐकून मला पाठ झाला, मग मी पाठ असलेल्या आवाजाला बोट लावून अक्षर ओळखायला लागले. लोक अ आ इ ई ने शिकतात, मी मोठ्यापासून बारीकपर्यंत शिकले. मग बाटल्यांवरची नावं, कार्डांवरची गावं, पुडीचा कागद. तुम्ही कपाटातली पुस्तकं देत गेलात. देताना कधी म्हणाला नाहीत की हे तुला जमेल की नाही. परत दिलं की एवढंच विचारायचात, ‘काय सापडला?’ मी सांगायचे, तुम्ही ऐकायचात. डॉक्टर, घरात सासू मला विचारायची भात झाला काय. शेजारीण विचारायची रॉकेल आसा काय. काय सापडलं असं मला दुसरं कोणी विचारत नव्हतं.

पायऱ्या तुम्ही स्वतः नेमल्या होत्या. इंग्रजी पुस्तकांतून वाचून, आपल्या रोग्यांवरून ताडून, एका वहीत लिहून ठेवल्या होत्या, आणि मला त्या आपल्या भाषेत समजावल्या होत्या. साखर वर्षानुवर्षं अंगात राहिली की डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या बारीक शिरा कमजोर होतात. टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके दिसले, तेवढेच, तर पहिली पायरी. रक्ताचे मोठे डाग आणि पिवळे मेणासारखे डाग आले की दुसरी. कापसाचे पुंजके दिसायला लागले, मोठ्या शिरा सरळ न राहता मण्यांच्या माळेसारख्या गाठाळल्या, की तिसरी. आणि जिथे नकोत तिथे केसासारख्या नव्या शिरा उगवल्या तर चौथी, कारण त्या फुटतात आणि डोळा रक्ताने भरतो. तुम्ही पुन्हा पुन्हा सांगायचात, रोग्याला विचारू नको तुला दिसतं का. तिसऱ्या पायरीवरच्या माणसाला सुईत दोरा घालता येतो. तो म्हणेल मला काही झालेलं नाही. म्हणून तर कार्ड.

तरी मी ते पहिल्यांदा चुकवलं. तो म्हातारा तांडेल तुम्हाला आठवत असेल, होडीचा मुख्य, छातीवर पांढरे केस, गुळाचा खडा तोंडात टाकून यायचा. त्याची तिसरी निघाली. तुम्ही दुसऱ्या रोग्यात गुंतलात आणि तो बाहेर येऊन मला म्हणाला, ‘बाय, काय लिवलंस गो?’ आमच्या किनाऱ्यावर एक रीत आहे. होडी लागली आणि जाळ्यात काही नसलं, तरी तांडेलाच्या तोंडावर कोणी वाईट म्हणत नाही. विचारलं तर ‘बरा आसा, मध्यम’ म्हणायचं. वाईट शब्द काढला की तो होडीला चिकटतो असं मानतात. टोपल्या भरायच्या वेळी खरं काय ते कळतंच, कोणी फसत नाही. मी त्या म्हाताऱ्याला म्हटलं, ‘बरा आसा, मध्यम आसा.’ तो मला गुळाचा खडा देऊन गेला. महिन्याने यायचा होता तो आला नाही. आला तो पाच महिन्यांनी, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. नांगर ओढताना डोळ्यात रक्त उतरलं होतं.

तुम्ही त्याला तपासलंत, कार्ड बघितलंत, बायकोला विचारलंत, तिने माझं ‘मध्यम’ सांगितलं. तो गेल्यावर काळं कापड घडी करत करत म्हणालात, ‘तू तेका धीर नाय दिलंस. तेचो येळ घेतलंस.’

मी म्हटलं, ‘औषध होता काय तुमच्याकडे?’ आता आठवलं की जीभ चावते.

‘थोडा होता,’ तुम्ही म्हणालात. ‘गूळ बंद केलो असतो. सुई सुरू केली असती. नांगर दुसऱ्यान वडलो असतो. आणि नातीचा लगीन होता, ता तेना डोळे भरून बघितला असता. तेका ठावक असता तर.’

मी त्यानंतर कोणाला मध्यम म्हटलं नाही. रोग्याने विचारलं की पायरी सांगायचे, आणि त्या पायरीवर काय करायचं ते सांगायचे. रडले तर बसायचे त्यांच्याजवळ. तुम्ही एकदा दारातून ऐकत होता. त्या आठवड्यात तुम्ही मला बॅटरी हातात दिलीत. काकींना खुर्चीत बसवलंत, थेंब घातलेत आणि मला म्हणालात, आज तू बघ. काकी म्हणाल्या, ‘ह्या पोरीक माझ्या डोक्यातला सगळा दिसतला की काय?’ मी जवळ गेले, आधी नुसता लाल अंधार, मग एकदम उघडलं. ओहोटीला खाडीच्या चिखलात पाण्याच्या रेघा राहतात तशा शिरा, एका पांढऱ्या वाटोळ्या जागेतून निघून सगळीकडे पसरलेल्या. एकही डाग नाही. काकींचा श्वास माझ्या गालाला लागत होता, वेलचीचा. तुम्ही विचारलंत, ‘पायरी?’ मी म्हटलं, ‘पायरीच नाय, अंगण आसा.’ काकी म्हणाल्या, ‘मगे झाडून घे.’

पुढची सहा-सात वर्षं आपण तसं काम केलं. माझी लेक शाळेत जायला लागली, सासू वारली. आणि साखर तुम्हालाही होती, तुमची नळी दर सोमवारी मीच उकळत होते. सुरुवातीला हिरवी, मग पिवळी. तुम्ही सुई घेत होता, इन्शुलिनची बाटली पाण्याच्या माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलेली असायची, पण काकी माहेरी गेल्या की फणसाचे गरे कोण खात होतं ते मला माहीत होतं. मग एका सोमवारी केशरी. मी नळी तुमच्यापुढे धरली, तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, ‘बाय, दुनियेचे डोळे बघलंय. माझे माका दिसनत नाय.’

डोळ्यांचा दुसरा डॉक्टर बेळगावला नाहीतर कोल्हापूरला. तुम्ही जायचं म्हणत होता आणि जात नव्हता. शेवटी एका गुरुवारी, रोगी संपल्यावर, तुम्ही स्वतःच आपल्या डोळ्यांत थेंब घातलेत आणि रोग्याच्या खुर्चीत बसलात. काकींना कळू दिलं नव्हतं. बॅटरी माझ्या हातात देताना म्हणालात, ‘खरा सांग. तिसरी असली तर मी सुरी खाली ठेवतलंय. मोतीबिंदू काढताना माझ्या डोळ्यात रक्त उतरला तर तो माणूस माझ्या हातात आंधळो जातलो. दवाखानो बंद करून मुंबईक चेडवाकडे जावक होया.’ चेडू म्हणजे तुमची मुलगी, ती कधीपासून बोलवत होती.

मी आधी डावा बघितला. दुसरी पायरी, सरळ सरळ. मग उजवा. डॉक्टर, तुम्ही वर वाशाकडे बघत होता, अगदी शहाण्या रोग्यासारखे. दहा वाजता कापसाचा एक पुंजका होता. अकरा वाजता दुसरा. पाच वाजता तिसरा, लहान. वरची मोठी शीर गाठाळलेली, मणी मोजता आले असते. मी तीन वेळा बघितलं, कारण तुम्ही शिकवलं होतं तीनदा बघायचं. माझा हात हलत नव्हता, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

‘काय दिसता?’

‘दोन,’ मी म्हटलं.

‘दोनी डोळ्यात?’

‘दोनी.’

‘कार्ड काढ.’

मी कार्ड काढलं. तांबडे ठिपके जिथल्या तिथे काढले, एकही कमी नाही. पिवळे काढले. शिसाची पेन्सिल उचललीच नाही. शिरा सरळ काढल्या. थेंबांमुळे तुम्हाला जवळचं नीट दिसत नव्हतं, तरी तुम्ही ते कार्ड दिव्याशी धरून बराच वेळ बसलात. मग ते कार्डांच्या खणात, आपल्या आडनावाच्या जागी, लावून टाकलंत आणि म्हणालात, चल, घरी काकी वाट बघत असतील.

त्यानंतर आठ महिने. दर बुधवारी ऑपरेशनं असायची. तुम्ही माणसाच्या डोळ्यावर वाकलेले आणि मी तबक घेऊन उभी. तुमच्या हाताकडे न बघता मी तुमच्या उजव्या डोळ्याकडे बघत असे, तो मिटला, चोळला, की पुन्हा उघडेपर्यंत मी मनात एक, दोन, तीन मोजायचे. देवळात गाऱ्हाणं घालायचं मनात होतं, पण गाऱ्हाणं गुरव मोठ्याने घालतो, सगळ्या गावासमोर. काय सांगणार होते मी त्याला? म्हणून एका सकाळी एकटीच पाण्याशी गेले आणि स्वतःच बोलले, की ह्या माणसाच्या हातून कोणाचं वाकडं होऊ नको, झालं तर माझं होऊ दे. माझा घोव ज्या पाण्याने नेला त्यालाच सांगितलं. दुसरं कोण होतं? आठ महिन्यांत कोणाचं वाकडं झालं नाही. ते तुमच्या हाताचं पुण्य, माझ्या गाऱ्हाण्याचं नव्हे. पण त्या खाटेवर झोपलेल्या प्रत्येक माणसाला मी न विचारता पणाला लावलं होतं, हे मला त्या प्रत्येक बुधवारी ठाऊक होतं.

मग तो मंगळवार. सकाळचे नऊ, रोगी खुर्चीत, खिडकी सताड उघडी. तुम्ही चिठ्ठी लिहिताना थांबलात. ‘खिडकी लावलंस काय गो?’

मी म्हटलं, ‘नाय.’

तुम्ही डावा डोळा हाताने झाकलात. मग उजवा झाकलात. मग लिहायची चिठ्ठी पूर्ण केलीत, रोग्याला औषध कसं घ्यायचं ते सांगितलंत, तो गेल्यावर म्हणालात, ‘उद्याच्या लोकांक सांगून ये, उद्या नाय.’ दुसऱ्या दिवशी पाचजणांचे डोळे होते. रक्त एकच दिवस अलीकडे उतरलं होतं. मी गावभर फिरून त्यांना सांगून आले.

आठवड्याभरात ठरलं, मुंबई. तेव्हा बोट होती, पडावातून जाऊन चढायचं. जायच्या आदल्या दुपारी तुम्ही मला दवाखान्यात बोलावलंत. कपाटं रिकामी, तक्ता भिंतीवरच. तुम्ही खणातून आपलं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलंत, आणि तिन्ही पेन्सिली. ‘त्या दिवशी जा बघलंस, ता काढ.’

मी शिसाची पेन्सिल घेतली. दहा वाजता एक पुंजका. अकरा वाजता एक. पाच वाजता लहान. वरच्या शिरेवर गाठी घातल्या, एकेक. आठ महिन्यांनी काढत होते, पण कुठे थांबावं लागलं नाही, डोळे मिटले की रोज तेच दिसत होतं. तुम्ही शाबूत डोळ्याने बघत होता. झाल्यावर म्हणालात, ‘तिसरी.’

‘तिसरी,’ मी म्हटलं.

‘माका तेव्हाच वाटला होता. तुझी शीर कधी इतकी सरळ येणा नाय.’ तुम्ही कार्ड पालथं घातलंत. ‘मी कोल्हापूराक जावन दाखवक होया होता. गेलंय नाय. माका पण दोनच होयी होती. तेव्हा अर्धी चूक माझी, ती तू उचलू नको. तुझी अर्धी सांग. कित्या केलंस?’

तुम्ही रागाने विचारलं असतंत तर बहुतेक खरं बोलले असते. पण तुम्ही काय सापडलं म्हणून विचारायचात तसंच विचारलंत, आणि मी म्हटलं, ‘धक्क्यावरची सवय, डॉक्टरांनु. तोंडावर वाईट बोलूक जमणा नाय.’

तुम्ही मान हलवलीत. ‘आपल्या लोकांची जित्याची खोड,’ म्हणालात, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. मला माफ केलंत. मी तशी माफी घेतली आणि घरी आले.

मुंबईहून तुमची तीन पोस्टकार्डं आली. पहिलं तुमच्या हातचं, ओळी उतरत गेलेल्या. दुसरं आणि तिसरं काकींच्या हातचं, तुम्ही सांगितलेलं. लेकीच्या शाळेचं विचारलं होतंत, नवीन काय वाचलं ते विचारलं होतंत. मी उत्तरं लिहिली, वाचलेल्या पुस्तकांबद्दल पानंच्या पानं लिहिली. तिसऱ्या उत्तरात शेवटी खरं कारणही लिहिलं होतं, दोन ओळी. पोस्टाची पेटी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, घरातून दिसायची. दोन दिवस मी ते पत्र ठेवलं आणि मग त्या ओळी सोडून बाकीचं पुन्हा उतरवून काढलं, ते टाकलं. पुढच्या महिन्यात काकींचं पत्र आलं, तुम्ही गेलात म्हणून. म्हणजे तुम्ही असताना, पत्ता असताना, तिकीट लावलेलं असतानाही हे मी पाठवलं नाही. आजचं तर कुठे पाठवणार?

मी नंतर सतरा वर्षं मासे विकले. लेकीला शिकवलं. पुस्तकं वाचनालयातून आणली, वाचली, परत नेऊन दिली. दिवस काही वाईट गेले नाहीत, पोटाला कमी पडलं नाही.

सवय नव्हती ती, डॉक्टर. सवय तुम्ही तांडेलाच्या वेळीच मोडली होती, माझी मला ती पुरती मोडलेली ठाऊक होती. तुमची दया आली म्हणूनही नाही, तुम्ही दया मागतच नव्हता. तुम्ही मुंबईला गेलात तर त्या गावात मला ‘काय सापडला’ असं विचारणारं कोणी उरणार नव्हतं. मी ‘दोन’ म्हटलं ते तेवढ्यासाठी म्हटलं, आणि पुन्हा ती वेळ आली तर मी तीन म्हणेन की नाही, हे ह्या वयातही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.